थावरा, तुझी बंदूक अजून दुरुस्तीलाच आहे

थावरा, काल रूपसिंग पुन्हा बंदूक मागायला आला होता. तुझा सख्खा धाकटा भाऊ, तुझ्या चितेपाशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेला माणूस. त्याला नाही म्हणायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. तो दुकानाच्या पायरीवर बसला नाही, चहाला हो म्हणाला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "बशीरभाऊ, आता तं दे. ज्या जनावरायले त्यानं वाचवलं, त्यायनंच त्याले फाडलं. आता कोनासाठी लपवून राह्यला?"

"लपवली नाही," मी म्हटलं. "दुरुस्तीले हाये."

तो हसला. असलं हसू वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्या बंदुकीला काही झालेलं नाही, हे साऱ्या घाटंजीला ठाऊक आहे. सायकली, तेलाची इंजिनं आणि परवाना आहे म्हणून ठासणीच्या बंदुका, एवढं सगळं दुरुस्त करणारा मी मिस्त्री, आणि एक बंदूक वर्षानुवर्षं माझ्या हातून दुरुस्त होत नाही! ठाण्याचा जमादार दरसाल यायचा, खुंटीकडे बोट करायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, झाली का नाही अजून?" मी म्हणायचो, "घोड्याची कमान भेटत नाही साहेब, मुंबईहून मागवली आहे." तू शेजारी उभा राहून गंभीर तोंडानं मान हलवायचास. तो गेला की आपण दोघं पोट धरून हसायचो. आता मला एकट्याला ती थाप मारावी लागते आणि ती जमत नाही.

शिवाय आता थाप मारून भागणारही नाही. परवाना तुझ्या नावाचा होता. तू गेलास, म्हणजे बंदूक ठाण्यात जमा झाली पाहिजे. रूपसिंगला ती त्याच्या आधी हवी आहे. एकच हाका, म्हणतो, रान उठवून. तांड्याची सगळी माणसं, सगळी कुत्री आणि ही बंदूक. नाल्यातलं एकूण एक डुक्कर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत करून तू आरामात निघून गेलास. मला तुझा राग येतो. तू गेल्यापासून लोक माझ्याकडे येऊन तुझं चांगलं बोलतात, मी मान हलवतो, आणि आतून मला तुझा इतका राग येत असतो की काय सांगू.

माझं मत तुला माहीत होतं. या बाबतीत मी तुझ्या बाजूनं कधीच नव्हतो.

सगळं त्या समुद्रानं केलं. समुद्रानं कसलं, त्या हॉटेलातल्या चहानं केलं. तुला आठवतं? आधी आपण मध्यप्रदेशात होतो, मग एका सकाळी मुंबई राज्यात गेलो, आणि मग महाराष्ट्र झाला. त्या दिवसांत बाजारच्या हॉटेलात रोज भांडण. एक म्हणे विदर्भ वेगळाच पाहिजे होता, दुसरा म्हणे झालं ते बरं झालं. एकदा तर कपबशा फुटल्या. तू बशीत चहा ओतून फुंकत बसला होतास. म्हणालास, "थे जाऊ द्या बाप्पा. पन समुद्र आता आपल्या राज्यात आला ना? मंग पाह्यला पाह्यजे." सगळं हॉटेल हसलं. तू हसला नाहीस. तुझ्या आज्यानं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कोकणातून मीठ आणलं होतं. तुझ्या घरात समुद्राच्या गोष्टी होत्या, पण आज्यामागे कोणी समुद्र पाहिला नव्हता. आज्या काय सांगायचा ते तू मला वावराच्या बांधावर बसून कितीदा तरी सांगितलं होतंस. "मीठ त्या पान्यात दिसत नाही म्हने गड्या. पानी उन्हात मरते, तवा मीठ जनमते."

त्याच वेळी माझ्या मावसभावाची, हनीफची, बदली झाली. जंगलखात्यात गार्ड होता तो, पांढरकवड्याकडे. राज्य झालं आणि साहेबानं त्याला उचलून थेट कोकणात टाकलं. कुण्या जुन्या नबाबाचं शिकारीचं रान होतं, ते आता सरकारनं राखलं होतं. डोंगर, झाडी आणि खाली लगेच समुद्र. त्यानं निरोप धाडला की एकटा पडलोय, कोणी तरी या. मी तुला सांगितलं आणि तू त्या क्षणी उठून धोतर झटकलंस, जणू गाडी दारात उभी आहे.

तुझ्यासोबत प्रवास करणं ही एक शिक्षा होती. यवतमाळहून निघालेली ती छोटी गाडी चढाला इतकी हळू चालली की तू खाली उतरून तिच्या बाजूनं चाललास आणि डब्यातल्या लोकांशी गप्पा मारल्यास. मुंबईतून लाँचमध्ये बसल्यावर मात्र तू एक शब्द बोलला नाहीस. दोन्ही हातांनी बाक धरून बसलास. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "काठ कुठी हाये बे?"

हनीफनं दुसऱ्याच दिवशी रानात सोडलं. आपलं रान कसं, उन्हाळ्यात आरपार दिसतं. ते रान तसं नव्हतं. करवंदीच्या जाळ्या, वेली, काळा खडक, पायाखाली सडलेला पाला, आणि चढउतार असा की माझ्या गुडघ्यांनी तिथेच राजीनामा दिला. तू पुढे, मी तुझ्या डाव्या हाताला. मी कायम तुझ्या डाव्या हाताला चालायचो. त्या बंदुकीत एकदा दारू जास्त ठासली गेली होती आणि तिनं तुझा उजवा कान नेला होता. उजवीकडून हत्ती आला असता तरी तुला कळला नसता.

एक तांबडी मोठी खार झाडावरून झाडावर गेली, मांजराएवढी, तर तू मला दंडाला धरून उभं केलंस आणि ती दिसेनाशी झाली तरी सोडलं नाहीस. कड्यावरच्या झाडावर काटक्यांचं केवढं तरी घरटं होतं, त्यातून पांढऱ्या पोटाचा गरुड उठला आणि खाली पाण्यावर गेला. भेकर दिसलं. ते पळालं नाही, थांबून आपल्याकडे पाहत राहिलं. तुझे हात खांद्याकडे गेले, जिथे बंदूक असते तिथे. मी पाहिलं ते. तू ओशाळून म्हणालास, "हे कसं पळत नाही बे? हे मानसाले भेत काहून नाही?" हनीफ म्हणाला, इथे त्यांना कोणी मारत नाही. तुला ते खरं वाटलं नाही. ससा पडला की "बशीर, धाव, तुहा हिस्सा मरून राह्यला!" म्हणून मला हलाल करायला बोलावणारा तू, तुझ्या हयातीत तुला पाहून न पळालेलं ते पहिलं जनावर.

हनीफनं बजावलं होतं की खाली कड्याच्या पायथ्यानं जाऊ नका, वरच्या वाटेनं जा. तो नाक्यावर गेला आणि आपण खाली उतरलो. उतरलो म्हणजे तू उतरलास. ओल्या वाळूत तुला खूर दिसले. मी म्हटलं, हनीफ काय बोलला? तू पाण्याकडे बोट केलंस. "पाह्य. पानी कसं नितळ हाये. तळ दिसून राह्यला. नितळ पानी चढत नसते गड्या."

आणि मला ते पटलं! आज कोणाला सांगितलं तर हसतील. पण आपण वाघाडीच्या काठी वाढलेली माणसं. नदी चढायची असली की आधी पाणी गढूळ होतं, फेस येतो, काड्या-कचरा वाहत येतो, वरून घोंघाट ऐकू येतो. आपल्याकडचं पोरसुद्धा पाण्याचा रंग पाहून पाय टाकतं. तो समुद्र काही न सांगता, काही न मिसळता, आरशासारखा स्वच्छ राहून वर चढला. आपण कड्याच्या टोकाला वळसा घालून पुढे गेलो आणि मागे पाहिलं तर ज्या वाळूवरून आलो ती वाळूच नव्हती. पुढे पाहिलं तर तिकडेही पाणी. तू तरी नदीत पोहलेला. मला तर न्हाणीत बादलीची भीती वाटते.

आपण खडकाच्या एका पायरीवर चढलो. तेव्हा दिसलं की पायरीच्या दुसऱ्या टोकाला ती आहे. रानडुकरी, आणि तिच्या पोटाखाली पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. खेकडे खायला उतरली होती आणि आपल्यासारखीच अडकली होती. निदान मला तसं वाटलं. माझ्या घरात त्या जनावराचं नाव घेत नाहीत, 'बद' म्हणतात. आणि इथे ती माझ्यापासून एका खाटेच्या लांबीवर.

"हालू नको," तू कुजबुजलास. "लेकुरवाळी हाये. आता ते आपल्याले फाडन, नाही तं हे आपल्याले बुडवन."

मी कलमा म्हणायला लागलो. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि तुला हसू आवरेना. "जोरात म्हन, तिच्या कानावर पडू दे." आणि लगेच तुझा चेहरा उतरला, कारण पाणी पायरीला लागलं होतं.

मग ती वळली. केतकीच्या झुडपामागे कड्यात एक चीर होती, आपल्याला दिसलीच नव्हती. ती त्यात शिरली, पिल्लं तिच्या मागे, एकामागून एक. दगड खाली घरंगळले. तू म्हणालास, "चाल तिच्या मांगं."

"मी? त्याच्या मागे?"

"मंग राह्य इथं. तुह्या मौलवीले सांगतो, मिया पाक होता, पान्यात अजून पाक होऊन मेला."

हातापायांवर, केतकीचे काटे अंगात घेत, त्या चिरीतून आपण वर चढलो. तिच्या खुरांनी उकरलेली माती माझ्या तोंडावर पडत होती आणि मी ती पुसत नव्हतो. वर आलो तेव्हा हनीफ शिव्या देत उभा होता आणि ती झाडीत नाहीशी झाली होती. तू खाली वाकून पाहिलंस. ती पायरी पाण्याखाली गेली होती.

इथपर्यंत तुझं माझं सारखं आहे, थावरा. यापुढे आपलं भांडण सुरू होतं, आणि तू ते अर्धवट टाकून गेलास.

परत येताना तू मिठागरावर थांबलास. मूठभर मीठ धोतराच्या सोग्यात बांधलंस आणि पुऱ्या वाटेत गाठ सोडली नाहीस. तांड्यात आल्यावर तू नायक म्हणून सगळ्यांना बोलावलंस. तुमच्या घरात जुनी रीत होती, लोट्यात पाणी आणि त्यात मीठ टाकून बोललेला शब्द मोडायचा नाही. जो मोडील तो त्या मिठासारखा विरघळून जाईल. तू आज्याच्या लोट्यात समुद्राचं मीठ टाकलंस आणि म्हणालास की आपल्या नाल्याच्या झुडपात आजपासून शिकार नाही, डुकराची तर नाहीच नाही. मी तिथेच होतो. लोकांची तोंडं पाहत होतो. तुझी बायको, जमनीवहिनी, दारात उभी होती, तिनं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी तू बंदूक घेऊन माझ्याकडे आलास. "ठेव. मी मांगतली तरी देजो नको."

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, अरे, तिनं आपल्याला वाचवलं नाही. ती तिची पिल्लं घेऊन तिच्या वाटेनं गेली. तिला आपण आहोत की नाही याचंही देणंघेणं नव्हतं. तू उपकार कुठून काढलास? तू शांतपणे तंबाखू चोळत म्हणालास, "तिले माहीत नोतं. मले तं माहीत हाये."

दरवेळी तू हेच म्हणायचास आणि मला दरवेळी चीड यायची. कारण त्याची किंमत तू एकटा देत नव्हतास. जवारी दुधावर आली की डुकरं यायची आणि एका रात्रीत या धुऱ्यापासून त्या बांधापर्यंत आडवी करून जायची. रूपसिंगचं वावर नाल्याला लागून, त्याचं सगळ्यात जास्त जायचं. तो तुझ्याशी बोलेनासा झाला. घरात बायका भाकरी थापताना तुला ऐकू जाईल अशा बेतानं, तुझ्या डाव्या बाजूला बसून, बोलायच्या. मी म्हणालो, एका डुकरीसाठी अख्ख्या तांड्याच्या तोंडचा घास? तिकडे ते रान सरकारचं आहे, तिथे पोटं पिकावर नाहीत. इथे काय आहे तुझं, चार एकराचं झुडूप! तू म्हणायचास, "माह्या नबाबाचं रान हाये थे." आणि हसायचास. पण पुढे पुढे तू तेवढं हसायचा नाहीस.

आणि हेही सांगतो, कारण आता तू ऐकून चढून बसणार नाहीस. एकदा तू मला पहाटे नाल्यावर नेलंस. मोर तर होतेच, पण खाली पाण्यावर चितळं आली होती, आणि त्यातल्या एकीनं मान वर करून आपल्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या तोंडावर जे होतं ते मी कोणाच्या लग्नातही पाहिलं नाही. मी फक्त म्हणालो, थंडी आहे, चल. मला ते फार आवडलं होतं, थावरा. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू भांडण जिंकला असतास.

मग तो शेवटचा बाजार. तू आलास आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलास. चहा सांगितला. तू बशीत ओतलास, पण फुंकर न घालताच प्यालास. मी इंजिनाचा पंप उघडून बसलो होतो, हात काळे होते. मी म्हटलं, कशी आहे जवारी? तू म्हणालास, "हाये." बराच वेळ तू भिंतीकडे पाहत होतास, खुंटीकडे. मी ते पाहिलं. माझ्या मनात आलं, हा आज मागणार. मागितली तर काय करायचं हे मला कळेना. द्यायची नाही असं तूच सांगितलेलं. पण तुझ्या तोंडाकडे पाहून मला वाटलं, मी देईन. मी पंपात डोकं घालून बसलो. तू उठलास, धोतर झटकलंस आणि म्हणालास, "तेल देत जाजो तिले." आणि गेलास.

पुढच्या बाजाराला तू नव्हतास. पहाटे जवारीत खसखस झाली म्हणून तू काठी घेऊन नाल्यात उतरलास. रूपसिंग सांगतो, उजवीकडून आलं. मांडी उघडली. बैलबंडीत घालून घाटंजीला आणत होते, तर वाटेतच तू गेलास. बंडी माझ्या दुकानासमोर थांबली तेव्हा मी सायकलच्या चाकाच्या तारा ओढत होतो. मी वर पाहून म्हटलं, काय रे, आज बाजार नाही. मग रूपसिंगचं तोंड पाहिलं.

त्या बंदुकीनं तुझा कान नेला, त्या कानानं तुला नेलं, आणि ती बंदूक माझ्या भिंतीवर आहे. हे मी कोणाला सांगू? घरात बायको म्हणते, द्या ना एकदाची आणि मोकळे व्हा. मी दिवसभर बंदुकीकडे पाठ करून काम करतो.

आज सकाळी जमनीवहिनी आली. एकटी, तांड्यापासून चालत. मला वाटलं, तीही बंदूकच मागणार, आणि तिला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. मी उठून खुंटीकडे गेलोसुद्धा. ती बाकावर बसली, जिथे तू बसायचास तिथे. पदर डोक्यावर सारखा केला.

"बशीरभिया," ती म्हणाली. तुमच्या बोलीत भावाला भिया म्हणतात, आणि ती मला पहिल्यापासून तसंच म्हणते. "एक गोष्ट पुसाची हाये. खरं सांगजा."

"पुसा."

"थो आखरी बाजारले तुमच्याकडं आलता. बंदूक मांगाले आलता का?"

मग तिनं सांगितलं की रूपसिंगनं तांड्यात सांगितलंय, थावरा शेवटी बंदूक मागायलाच गेला होता, त्यालाही कळून चुकलं होतं, मिस्त्रीनं दिली नाही म्हणून मेला. हाक्याला नगारा लागतो, आणि नगारा नायकाच्या घरात, म्हणजे अजून तिच्या घरात. नगारा वाजला नाही तर तांड्यातला एक माणूस उठणार नाही. रूपसिंग तिला म्हणतो, नगारा काढ, दादानं स्वतःच शब्द मागे घेतला होता. "मी दोन रातीपासून इचार करून राह्यली," ती म्हणाली. "त्यानं शबद मोडला असन तं मी नगारा देतो. मले बी थे जनावर मेलेलं पाह्याचं हाये, भिया. लय पाह्याचं हाये. पन त्यानं मोडला नसन, तं मी कशी मोडू?"

बघ थावरा, कुठे आणून सोडलंस मला. एक शब्द बोललो असतो, 'हो', तर आज संध्याकाळी नाला साफ झाला असता. मला तेच हवं होतं की नाही? मीच तर तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो. आणि तुझ्या मनात काय होतं हे मला खरंच माहीत नाही. तू चहा प्यायला आलास, निरोप घ्यायला आलास, की मागायला येऊन जीभ वळली नाही? तेल कशासाठी द्यायचं, कायमची ठेवायला की उद्या लागली तर? तेवढं तरी बोलून जायचं होतंस.

मी तिला जसं झालं तसं सांगितलं. "त्यानं मांगतली नाही."

"पाह्यलं तिच्याकडं?"

"पाह्यलं. लय वेळ."

"मंग?"

"मंग म्हने, तेल देत जाजो तिले. आन गेला."

रस्त्यावरून कापसाची बंडी गेली, तिचा आवाज जाईपर्यंत ती खाली पाहत राहिली. मग तिनं डोळे पुसले.

"मांगाचीच होती त्याले," ती म्हणाली. "मी वळखतो त्याले. घरून निंघाला तवाच मले कळलं होतं. पन मांगतली नाही ना?"

"नाही."

"मंग झालं." ती उठली. "नगारा नाही देत मी. बंदूक ठान्यात टाकून द्या."

मी तिला सोडायला तांड्यापर्यंत गेलो. रूपसिंग वावरात होता, त्यानं आम्हाला येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. तो काही आता माझ्या दुकानाची पायरी चढायचा नाही, आणि त्याचं चुकतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अर्धी जवारी आडवी झाली आहे त्याची. तुझ्या वावरात वहिनी मचाणावर बसली आणि डबा वाजवू लागली. दिवस मावळायला आला होता. मला परतायचं होतं, पण पाय निघेना, म्हणून मी बांधावर बसून राहिलो.

आणि ती आली. नाल्यातून वर, कडब्याच्या रंगात मिसळून, एक मोठी आणि मागे चार-पाच लहान. मी हातात ढेकूळ घेतलं. वहिनीनं डबा बडवला. ती थांबली, आणि थावरा, तिनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं, त्या भेकरासारखं, त्या चितळासारखं. ज्यानं तुला मारलं ते हे नव्हे, तो नर होता म्हणतात. मला काय माहीत! मला त्यांच्यातलं काही कळत नाही. माझा हात वर गेला आणि वरच राहिला. ढेकूळ फेकवेना. मग माझ्या तोंडातून शिव्या सुटल्या. बाजारात शिकलेल्या, रेल्वेत शिकलेल्या, बापाकडून शिकलेल्या, एकामागून एक, पार घसा बसेपर्यंत. पिल्लं आधी पळाली, मग ती.

मी खाली बसलो तेव्हा माझ्या दाढीवरून पाणी वाहत होतं. मचाणावर डबा थांबला होता.

"भिया," वहिनी वरून म्हणाली, "इतक्या शिव्या कोनाले देऊन राह्यले? डुकराले?"

"नाही," मी म्हटलं. "थावऱ्याले."

मग तिनं डबा मांडीवर घेतला.

"मंग अजून जोरानं द्या," ती म्हणाली. "उजव्या कानानं त्याले आयकू येत नोतं."